आठवीनंतर आणि बारावीनंतर: मधली जागा कुणाची?

प्रश्न विचारणारे सातारा जिल्ह्यातले एक केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही प्राथमिक शाळांवर देखरेख करणारे अधिकारी, आहेत. लेकीकडे कॅलिफोर्नियात तीन महिने राहून गेले, इथल्या शाळा बाहेरून पाहिल्या आणि परत गेल्यावर त्यांनी मला लिहिलं: "मॅडम, तिकडचे स्कूल डिस्ट्रिक्ट एकत्र येऊन मुलांची प्रगती सुधारतात, मुलांना कॉलेजसाठी तयार करतात असं ऐकलं. म्हणजे नेमकं करतात काय? आमच्याकडे शिक्षण परिषद होते, विषय मांडले जातात, अहवाल वर जातो, पण वर्गात काही हलत नाही. त्यांच्याकडे हलतं का?"

सर, मी गेली 19 वर्षं कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांमधे आहे. पहिली सात वर्षं हायस्कूलला गणित शिकवलं, त्यानंतर डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात मुलांच्या कॉलेजच्या तयारीचं काम बघते. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे तुमचा प्रश्न कुठून येतो ते मला नीट कळतं.

हलतं, पण एकत्र बसल्यामुळे नाही. जे मूल धड याच्याही जबाबदारीत नसतं आणि धड त्याच्याही, त्या मुलाचं नाव दोघांच्या यादीत आलं की हलतं. बाकी सगळं, म्हणजे परिषदा, करार, डॅशबोर्ड, यासाठीच असेल तर कामाचं. नाहीतर नुसता वेळ जातो.

आधी शब्दाचा घोळ सोडवते. इथला डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. कॅलिफोर्नियात काउंटी 58 आहेत आणि स्कूल डिस्ट्रिक्ट हजाराच्या आसपास. प्रत्येकाचं स्वतःचं निवडून आलेलं मंडळ, स्वतःचा सुपरिंटेंडेंट म्हणजे मुख्य अधिकारी, स्वतःचं बजेट. लॉस एंजेलिससारखा अवाढव्य डिस्ट्रिक्ट आहे, तसे एकाच शाळेचेही आहेत. त्यातही बऱ्याच भागांत आठवीपर्यंतच्या शाळा एका डिस्ट्रिक्टच्या आणि हायस्कूल दुसऱ्याच डिस्ट्रिक्टचं, अशी विभागणी आहे. सॅन होजेच्या पूर्व भागात ईस्ट साइड युनियन नावाचा हायस्कूल डिस्ट्रिक्ट आहे. त्याच्याकडे मुलं येतात ती एव्हरग्रीन, बेरिएसा, अ‍ॅलम रॉक अशा सात वेगवेगळ्या डिस्ट्रिक्टमधून. म्हणजे आठवी संपली की मूल रस्ता ओलांडून समोरच्या शाळेत जातं आणि त्याची फाइल दुसऱ्या संस्थेत जाते. कधी पूर्ण जाते, कधी अर्धी, कधी ऑगस्टऐवजी ऑक्टोबरमधे जाते.

आपल्याकडे जिल्हा परिषदेची शाळा सातवी-आठवीला संपते आणि मूल एखाद्या संस्थेच्या हायस्कूलला जातं, तीच ही जागा.

एका मुलीबद्दल सांगते, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी ते कळेल. 2011 सालची गोष्ट आहे. मुलगी बारावीत, मार्क चांगले, नर्स व्हायचं ठरवलेलं. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीला, म्हणजे सीएसयूला, अर्ज केला आणि मार्चमधे नकाराचं पत्र आलं. ती ते पत्र घेऊन माझ्या खोलीत आली, कारण मी तिला गणित शिकवत होते आणि तिला दुसरं कुणाला विचारावं हे माहीत नव्हतं. आम्ही दोघींनी तिचा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे हायस्कूलची सगळी गुणपत्रिका, टेबलावर पसरला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. दहावीच्या इंग्रजीच्या दुसऱ्या सेमिस्टरला डी होता. त्या वर्षी फेब्रुवारीत वडिलांचं काम बदललं म्हणून घर बदललं, डिस्ट्रिक्ट बदलला. जुन्या शाळेचे मार्क नव्या शाळेत वेळेवर पोहोचले नाहीत, नव्या शिक्षिकेने जेवढं समोर दिसलं त्यावर डी दिला. हायस्कूल डिप्लोमासाठी डी म्हणजे पास. म्हणून दोन वर्षं संगणकात तिच्या नावापुढे हिरवी खूण होती. विद्यापीठासाठी मात्र डी म्हणजे तो विषय झालाच नाही.

हा नियम समजून घ्या, कारण इथल्या कॉलेजच्या तयारीचा निम्मा गुंता यातच आहे. यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि सीएसयू या दोन्ही सरकारी विद्यापीठांना प्रवेश हवा तर वर्षभराचे 15 विषय ठरावीक गटांतले लागतात. त्याला ए-जी म्हणतात: इतिहास 2 वर्षं, इंग्रजी 4, गणित 3, प्रयोगशाळेचं विज्ञान 2, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा 2, कला 1 आणि एक ऐच्छिक. प्रत्येकात किमान सी. हायस्कूल पास होण्यासाठी राज्याची किमान अट मात्र इंग्रजी 3 वर्षं आणि गणित 2 वर्षं एवढीच, आणि डी चालतो. डिस्ट्रिक्ट आपापल्या अटी वाढवतात, पण डी बहुतेक ठिकाणी चालतोच. म्हणजे मूल अगदी सन्मानाने पास होतं, टोपी-झगा घालून स्टेजवर जातं, आई-वडील फुलं घेऊन येतात आणि त्याच मुलाला विद्यापीठाचं दार बंद असतं. पालकांना हे माहीत नसतं. जे स्वतः कॉलेजात गेलेले नाहीत त्यांना तर अजिबातच नाही.

ती मुलगी मग कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजला, गेली. तिथे तिने प्रवेशाच्या वेळची, कुठला वर्ग द्यायचा ते ठरवणारी परीक्षा दिली आणि तिला इंग्रजीच्या दोन पायऱ्या खालच्या वर्गात टाकलं. त्या वर्गाचे मार्क पदवीत धरले जात नाहीत. दीड वर्षाने तिने कॉलेज सोडलं. कुणीही तिचं वाईट केलं नाही. जुन्या शाळेने आपलं काम केलं, नव्या शाळेने केलं, विद्यापीठाने केलं, कॉलेजने केलं. चार संस्था आणि प्रत्येकीच्या दप्तरात तिची नोंद बरोबर. मी वर्गातून ऑफिसात गेले ती हीच गोष्ट डोक्यात घेऊन.

आता तुमच्या प्रश्नाकडे. एकत्र येऊन नेमकं काय केलं, याची मला सर्वांत जवळची वाटणारी तीन उदाहरणं सांगते.

पहिलं लाँग बीचचं. 1990 च्या दशकात या शहरातला नौदलाचा तळ बंद झाला, गोदी बंद झाली, विमानांच्या कारखान्यातली कामं कमी झाली. तेव्हापासून तिथला स्कूल डिस्ट्रिक्ट, लाँग बीच सिटी कॉलेज आणि त्याच शहरातली सीएसयू या तिघांनी एकत्र काम सुरू केलं. 2008 मधे त्याला कॉलेज प्रॉमिस असं रूप आलं: शहरातलं मूल हायस्कूल पास झालं की सिटी कॉलेजचा सुरुवातीचा काळ फी न भरता आणि किमान अटी पूर्ण केल्या तर शहरातल्या सीएसयूमधे जागा नक्की. चौथी-पाचवीची मुलं या दोन्ही ठिकाणी सहलीला जातात. कॉलेज म्हणजे काय ते दहा वर्षांच्या मुलाने पायाने चालून पाहिलेलं असतं. फलक आणि भाषणांपेक्षा मला या सहलीचं मोल जास्त वाटतं.

पण खरं काम आतल्या खोलीत झालं. हायस्कूलचे मार्क आणि कॉलेजातली कामगिरी या दोन नोंदी तोवर वेगवेगळ्या संगणकांत होत्या. त्या एकत्र ठेवल्यावर दिसलं की प्रवेशाच्या परीक्षेपेक्षा हायस्कूलचे चार वर्षांचे मार्क मुलाचं पुढचं यश जास्त बरोबर सांगतात. म्हणजे परीक्षेच्या जोरावर खालच्या वर्गात टाकलेली किती तरी मुलं थेट वरच्या वर्गात बसून पास झाली असती. 2012 पासून सिटी कॉलेजने मार्कांवर वर्ग द्यायला सुरुवात केली आणि पहिल्याच वर्षी कॉलेज पातळीच्या इंग्रजीत बसणाऱ्या मुलांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. 2017 मधे राज्याने कायदाच केला, त्याला एबी 705 म्हणतात: कम्युनिटी कॉलेजांनी हायस्कूलचे मार्क विचारात घेतलेच पाहिजेत आणि मुलाला वर्षभरात कॉलेज पातळीचं इंग्रजी आणि गणित पूर्ण करण्याची पुरेपूर संधी दिलीच पाहिजे. माझी विद्यार्थिनी काही वर्षं उशिरा जन्मली असती तर त्या खालच्या वर्गात गेली नसती. हे लिहिताना मला आजही त्रास होतो.

एक आणखी सांगते, ते शिक्षकांबद्दलचं. लाँग बीचच्या शाळांमधले बरेचसे शिक्षक त्याच शहरातल्या सीएसयूमधे तयार होतात. शाळेत वाचन कसं शिकवतात ते विद्यापीठाला माहीत असतं, कारण त्यांचे विद्यार्थी त्याच वर्गांत सरावाला येतात. तुमच्याकडची अध्यापक विद्यालयं आणि आसपासच्या शाळा यांचं नातं असं घट्ट झालं तर कितीतरी प्रशिक्षणं वाचतील, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं उदाहरण फ्रेस्नो आणि लाँग बीच यांच्या जोडीचं. दोन्ही राज्यातल्या पहिल्या पाच मोठ्या डिस्ट्रिक्टमधले, दोन्हीकडे गरीब घरची मुलं जास्त, घरी इंग्रजी न बोलणारी मुलं जास्त. अंतर सुमारे 400 किलोमीटर. 2008 मधे या दोघांनी आपसात करार केला: गणित, इंग्रजी शिकणारी मुलं आणि मुख्याध्यापक घडवणं या तीन गोष्टींवर एकत्र काम करायचं, पुढे त्यात कॉलेजची तयारी आली. कुणी वरून आदेश दिला नव्हता. मुलांसाठी दोघे स्पर्धकही नव्हते, कारण एवढ्या अंतरावर मुलं इकडची तिकडे जात नाहीत. म्हणून आपलं वाईट दाखवायला लाज वाटली नाही. शेजारच्या डिस्ट्रिक्टला आपले नापासांचे आकडे दाखवणं फार अवघड असतं, कारण इथे पट घटला की पैसा घटतो आणि पालक शेजारी निघून जातात. तुमच्याकडे पट टिकवण्यासाठी शाळांची जी ओढाताण होते, तीच ही. लांबचा जोडीदार शोधण्यामागचं हे शहाणपण मला फार उशिरा कळलं.

आणि ही जोडी टिकली कारण माणसं टिकली. लाँग बीचचे सुपरिंटेंडेंट क्रिस्टोफर स्टाइनहाउझर 2002 ते 2020 एकाच खुर्चीवर होते, फ्रेस्नोचे मायकल हॅन्सन 2005 ते 2017. मोठ्या शहरातला सुपरिंटेंडेंट बहुतेक ठिकाणी काही वर्षांतच बदलतो. नवा माणूस येतो, जुनी फाइल कपाटात जाते. मी स्वतः असे दोन करार कपाटात जाताना पाहिलेत.

तिसरं उदाहरण कोअर डिस्ट्रिक्टचं. 2010 मधे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या एका निधीसाठी काही डिस्ट्रिक्टनी मिळून अर्जाचं काम केलं, निधी मिळाला नाही, पण माणसं एकत्र राहिली. तेव्हा 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' हा कायदा लागू होता आणि 2014 पर्यंत सगळी मुलं वाचन-गणितात ठरलेल्या पातळीला आली पाहिजेत, नाहीतर शाळेवर शिक्का, अशी अट होती. अनेक राज्यांनी त्यातून सूट मागून घेतली, कॅलिफोर्नियाला मिळाली नाही. मग ऑगस्ट 2013 मधे लॉस एंजेलिस, लाँग बीच, फ्रेस्नो, सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड, सॅक्रॅमेंटो, सँटा अ‍ॅना आणि छोटंसं सँगर अशा आठ डिस्ट्रिक्टना मिळून सूट मिळाली. राज्याला वगळून डिस्ट्रिक्टच्या गटाला अशी सूट मिळाली ती एवढीच.

सूट घेऊन त्यांनी शाळा मोजण्याची स्वतःची पट्टी तयार केली: 60 टक्के वजन अभ्यासाला, 40 टक्के हजेरी, निलंबन, मुलांना शाळेत कसं वाटतं अशा गोष्टींना. त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा निर्णय अगदी साधा होता. एखाद्या शाळेत एखाद्या गटाची मुलं, समजा अपंग मुलं किंवा कृष्णवर्णीय मुलं, 100 पेक्षा कमी असली तर आधीच्या नियमात त्या गटाचा निकाल वेगळा धरलाच जात नव्हता. कोअरने ती मर्यादा 20 वर आणली. एका फटक्यात हजारो मुलं दिसायला लागली, जी शाळेत होती पण आकड्यांत नव्हती. तुमच्या अहवालात 'इतर' नावाचा रकाना असेल तर त्यात कोण आहे ते एकदा उघडून बघा, सर.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे आठवीच्या मुलासाठी ठरवलेल्या चार खुणा: मार्कांची सरासरी 4 पैकी 2.5 किंवा जास्त, हजेरी 96 टक्के किंवा जास्त, इंग्रजी-गणितात डी किंवा एफ (नापास) नाही आणि वर्षभरात निलंबन नाही. या चारही बाबींत जे मूल बसतं ते हायस्कूलसाठी तयार. यात नवी परीक्षा नाही, नवा फॉर्म नाही. जे आधीच हजेरीपटावर आणि प्रगतिपुस्तकात आहे तेच. शिकागोमधेही असंच दिसलं होतं. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2005 मधे दाखवलं की नववीच्या वर्षात पुरेसे क्रेडिट मिळवणारं आणि मुख्य विषयांत एकाहून जास्त सेमिस्टर नापास न होणारं मूल चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता इतरांपेक्षा साडेतीन पटीहून जास्त असते. ही खूण आठवीच्या परीक्षेतल्या मार्कांपेक्षाही जास्त बोलकी निघाली. नववी सांभाळली की बरंच सांभाळलं.

या सगळ्याने मुलांचे निकाल किती वाढले, असं तुम्ही विचाराल. प्रामाणिकपणे सांगते: एवढ्या मोठ्या गटात सहकार्यामुळे एवढे टक्के वाढले असं बोट ठेवून दाखवता येत नाही. जिथे मधली जागा नेमकी पकडली, जसं लाँग बीचच्या इंग्रजी वर्गांचं झालं, तिथे फरक डोळ्यांनी दिसतो. जिथे 'सर्वांगीण सुधारणा' असं ध्येय ठेवलं तिथे मला तो दिसलेला नाही.

आता आमच्या छोट्या गटात काय करतो ते सांगते, कारण तुमच्या उपयोगाचं हेच आहे. आम्ही पाच डिस्ट्रिक्ट आणि एक कम्युनिटी कॉलेज. पहिले सहा महिने व्याख्येतच गेले. एका डिस्ट्रिक्टमधे अर्धा दिवस आलेलं मूल हजर, दुसऱ्यात तास मोजून गैरहजर. वर्षाच्या 180 दिवसांपैकी 18 दिवस बुडवले की राज्याच्या नियमाने मूल 'सातत्याने गैरहजर' धरतात, पण आमच्याकडे 18 मोजण्याच्या तीन पद्धती निघाल्या. तेव्हा मला वाटलं वेळ वाया चाललाय. आज वाटतं तेच महिने सर्वांत कामाचे होते. एकच शब्द सगळ्यांनी एकाच अर्थाने वापरेपर्यंत आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नसतो.

मग यादी. दर मे महिन्यात आठवीच्या शाळेतली काउन्सेलर, म्हणजे मुलांना मार्गदर्शन करणारी, आणि हायस्कूलची काउन्सेलर एका टेबलाशी बसतात. समोर स्क्रीन नसतो, छापील यादी असते. प्रत्येक मुलाच्या नावापुढे चार खुणा आणि एक मोकळा रकाना. त्या मोकळ्या रकान्यात जे लिहिलं जातं ते कुठल्याच पोर्टलवर नसतं: 'आजी वारल्यापासून शांत', 'पहिल्या तासाला झोपतो, पहाटे वडिलांसोबत फुलांच्या बाजारात जातो', 'गणित उत्तम, चाचणीत घाबरते'. पहिल्या वर्षी हायस्कूलची काउन्सेलर हे वाचून म्हणाली, "मला हे सगळं कळायला दुसरी सेमिस्टर उजाडते." तोवर मुलाचे दोन एफ झालेले असतात. खासगी माहितीचा कायदा इथे कडक आहे, 1974 पासून फर्पा नावाचा. म्हणून आधी वकिलांकडून करार करून घेतला, कोण काय बघू शकेल ते लिहून ठेवलं आणि घरची संवेदनशील माहिती पालकांना विचारूनच पुढे द्यायची असं ठरवलं. याद्या बैठकीनंतर परत गोळा होतात.

गणिताच्या वर्गवारीचंही इथेच सांगायला हवं, कारण यात आपली मराठी कुटुंबंही येतात. सिलिकॉन व्हॅलीत 2010 च्या सुमारास असं उघड झालं की आठवीत बीजगणित चांगल्या मार्कांनी पूर्ण केलेल्या कितीतरी मुलांना नववीत हायस्कूलने परत तेच बीजगणित घ्यायला लावलं. आणि त्यात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांचं प्रमाण जास्त. परत तेच घेतलं की पुढे कॅल्क्युलसपर्यंत पोहोचता येत नाही, इंजिनिअरिंगची वाट अरुंद होते. फ्रीमाँट-सनीव्हेलच्या मराठी पालकांना हे लगेच कळतं. मुलाला खालचा वर्ग मिळाला की दुसऱ्या दिवशी आई-वडील प्रिन्सिपलच्या दारात. ज्यांचे आई-वडील दोन पाळ्यांत काम करतात त्यांच्यासाठी कोण जाणार? 2015 मधे राज्याने कायदा केला की नववीच्या गणिताची वर्गवारी लेखी, वस्तुनिष्ठ निकषांवर व्हावी आणि शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात एकदा तपासून चूक दुरुस्त करावी. कायदा चांगला आहे, पण आठवीचा डिस्ट्रिक्ट आणि हायस्कूलचा डिस्ट्रिक्ट बसून एकच निकष ठरवत नाहीत तोवर तो कागदावर राहतो. आपल्या मंडळींना माझी एक विनंती असते: स्वतःच्या मुलासाठी जाता तेव्हा सगळ्यांसाठीचा निकष कुठे लिहिलाय तेही विचारा.

बारावीनंतरची जागा त्याहून निसरडी. जूनमधे हायस्कूल संपतं. ऑगस्टमधे कॉलेज सुरू होतं. मधल्या काळात हायस्कूलच्या काउन्सेलरला सुट्टी आणि कॉलेजसाठी ते मूल अजून फक्त एक ईमेल पत्ता. प्रवेश घेतलेलं, मदत मंजूर झालेलं मूल या दोन महिन्यांत गळतं. लसीकरणाचा दाखला अपलोड केला नाही, वसतिगृहाची अनामत भरली नाही, ओरिएंटेशनची तारीख कॉलेजच्या पोर्टलवर आली पण मूल रोज फक्त फोनवरचे मेसेज बघतं. आम्ही पाच डिस्ट्रिक्टनी मिळून दोन काउन्सेलरचा जुलै-ऑगस्टचा पगार वाटून घेतला. त्यांचं काम एकच: यादीतल्या प्रत्येक मुलाला मेसेज, उत्तर नाही आलं तर फोन, फोन नाही उचलला तर आईला फोन. आमच्या गटाने आजवर केलेला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त उपयोगी पडलेला खर्च आहे.

फीच्या मदतीचा अर्जही असाच. फाफ्सा हा केंद्र सरकारचा फॉर्म भरल्याशिवाय मदत नाही, आणि ज्यांच्याकडे अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं नाहीत अशा कुटुंबांतल्या मुलांसाठी राज्याचा वेगळा ड्रीम अ‍ॅक्ट अर्ज आहे. 2022-23 पासून कॅलिफोर्नियात बारावीच्या प्रत्येक मुलाचा यातला एक अर्ज भरून घ्यायची किंवा रीतसर सूट नोंदवायची जबाबदारी डिस्ट्रिक्टवर आहे. आधी जबाबदारी मुलावर होती. एवढ्या एका बदलाने शनिवारी सकाळी शाळेच्या ग्रंथालयात स्पॅनिश, व्हिएतनामी बोलणारे मदतनीस बसायला लागले आणि आई-वडील करांचे कागद पिशवीत घालून यायला लागले.

आता तुमच्या केंद्राबद्दल. मी तिथे नाही, त्यामुळे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं हे धरूनच सांगते.

शिक्षण हक्क कायदा 14 वर्षांपर्यंत आणि आठवीपर्यंत मुलाचा हात धरतो. नेमकं तिथेच बऱ्याच ठिकाणी शाळा बदलते, संस्था बदलते आणि जवळचं हायस्कूल पाच-सात किलोमीटरवर जातं. तुमच्या शिक्षण परिषदेत केंद्रातल्या प्राथमिक शाळांचे शिक्षक असतात. ज्या दोन-तीन हायस्कूलना तुमची मुलं जातात, त्यांचे नववीचे वर्गशिक्षक कधी आलेत का? त्यांना मार्चच्या किंवा एप्रिलच्या परिषदेला बोलवा. विषय एकच ठेवा, यंदाच्या आठवीची यादी. नाव, हजेरी, वाचन येतं का, भागाकार-अपूर्णांक येतात का, घरी कोण आहे, नववीला कुठे जाणार, जाणार कसं. एसटीचा पास आहे का, मुलीसाठी सायकल आहे का. मग जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तीच यादी घेऊन परत बसा आणि प्रत्येक नावापुढे लिहा: वर्गात आहे की नाही.

यू-डायस प्लस या शाळा-विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर तुम्ही हे आधीच बघता. एका शाळेतून सोडलेलं आणि दुसऱ्या शाळेने अजून न घेतलेलं मूल 'ड्रॉपबॉक्स'मधे दिसतं. तो आकडा शून्यावर आणायचा म्हणून तगादा येतो आणि मग कुणीतरी घाईने नोंद उचलतं. मी म्हणेन, तगादा येण्याआधी त्या ड्रॉपबॉक्समधल्या प्रत्येक मुलाच्या घरी एकदा कुणीतरी जाऊन या. ती नुसती नोंद नसते. बहुतेक वेळा ते मूल उसाच्या फडावर, वीटभट्टीवर किंवा धाकट्या भावंडांना सांभाळत घरी असतं.

दहावीनंतरच्या मुलांसाठी तुमचा फाफ्सा म्हणजे महाडीबीटी आणि दाखले. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन आहेत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर हे सगळं निकालानंतर सेतूच्या रांगेत उभं राहून काढायचं म्हणजे उशीर ठरलेलाच. माझ्या मामेबहिणीच्या मुलाची एका वर्षाची शिष्यवृत्ती बँक खातं आधारशी जोडलेलं नव्हतं एवढ्या कारणाने अडकली. नववीच्या दिवाळीतच तालुक्यातल्या चार हायस्कूलनी मिळून एक शिबिर घ्यावं, तलाठी आणि सेतूवाल्यांना शाळेतच बसवावं. एका शाळेने बोलावलं तर कदाचित येणार नाहीत, चार शाळांची 300 मुलं म्हटल्यावर येतील. एकत्र येण्याचा खरा जोर अशा ठिकाणी लागतो.

पहिल्या वर्षी दुसरं काही धरू नका. गुणवत्ता, डिजिटल, वाचन प्रेरणा असे सहा विषय एका परिषदेत आले की यादी सगळ्यात शेवटी येते आणि तोवर चारची गाडी गाठायची वेळ होते. आमच्याकडेही हेच होतं, फक्त गाडी स्वतःची असते. म्हणून आम्ही यादी सुरुवातीला घेतो, स्वागत आणि मनोगतं नंतर.

हायस्कूलवाले येतील का, अशी शंका तुमच्या पत्रात शेवटी आहे. पहिल्या खेपेला कदाचित एकच येईल. त्याच्यापुढे तुमच्या शाळांच्या चुका आधी ठेवा, त्याच्या नंतर. आठवी पास होऊन ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांची नावं तुम्ही स्वतः काढून त्याच्या हातात द्या. आमच्या पहिल्या बैठकीत असं कागद पुढे करणारी आठवीच्या शाळेची एक मुख्याध्यापिका होती. तिने आपल्या शाळेची 22 नावं टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ही मुलं आमच्याकडून अर्धवट येताहेत, ऑगस्टमधे आमचे दोन शिक्षक तुमच्या शाळेत पाठवते." थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग हायस्कूलच्या प्रिन्सिपलने वही उघडली आणि विचारलं, "कुठल्या दिवशी?"

यादी करताना आई-वडिलांचा चालू असलेला मोबाइल नंबर मात्र स्वतः फोन लावून तपासा. प्रवेशाच्या वेळी लिहिलेला नंबर आठवीपर्यंत क्वचितच चालू असतो. यंदाच्या जुलैला बसलात की मला कळवा. इथे ती रात्र असेल, पण मी जागी राहीन.